जनरल इंजिनिअरिंग घेतलं तर पुढे नोकरी कसली मिळते?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकची मुलगी, बारावी विज्ञान, गणित आणि फिजिक्स दोन्ही उत्तम. इंग्लंडमधल्या एका चांगल्या विद्यापीठाकडून जनरल इंजिनिअरिंगच्या चार वर्षांच्या एमइंजी (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग) पदवीची ऑफर आहे. इकडे सीईटीच्या मार्कांवर पुण्यात बऱ्यापैकी कॉलेजात मेकॅनिकल मिळेल. वडील विचारतात, 'जनरल' म्हणजे नेमकी कुठली ब्रँच? नातेवाईक म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. उद्या परत आली तर इथे तिला कोण उभं करणार?

नातेवाईकांचं म्हणणं सरसकट खोटं नाही. काही ठिकाणी या पदवीने खरंच अडतं. पण ती ठिकाणं कोणती, हे त्यांना नेमकं माहीत असेल असं वाटत नाही. मी स्वतः मेकॅनिकलचा. सुरुवात पुण्यात इंजिनांच्या कारखान्यात झाली, नंतर बरीच वर्षं इंग्लंडमध्ये रेल्वेगाड्यांच्या सिस्टीम्सवर काम केलं. नव्या पदवीधरांच्या मुलाखती घेणं हा त्या कामाचाच भाग होता. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हे उमेदवार कसे दिसतात ते सांगू शकतो.

आधी अभ्यासक्रमाबद्दल. 'जनरल' ऐकलं की आपल्याला वाटतं, सगळं थोडं थोडं, वरवरचं. केंब्रिजमध्ये बारावीनंतर मेकॅनिकलला किंवा सिव्हिलला प्रवेशच मिळत नाही. तिथे कोर्सचं नाव नुसतं 'इंजिनिअरिंग'. पहिली दोन वर्षं सगळ्यांना मेकॅनिक्स, स्ट्रक्चर्स, मटेरियल्स, थर्मो, फ्लुइड्स, इलेक्ट्रिकल आणि पोतंभर गणित. तिसऱ्या वर्षापासून आपली दिशा पकडायची. ऑक्सफर्डमध्ये याच घडणीच्या कोर्सला 'इंजिनिअरिंग सायन्स' म्हणतात. डरहॅममध्ये त्याला थेट 'जनरल इंजिनिअरिंग' नाव आहे, पण रचना तीच, दोन वर्षं एकत्र आणि मग स्ट्रीम. थोडक्यात, 'जनरल' हे बहुतेक ठिकाणी पदवीच्या पूर्वार्धाचं वर्णन असतं. उत्तरार्धात मूल काय करतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आपल्याकडेही पहिलं वर्ष बहुतांशी समानच असतं की. सिव्हिलवाल्यालाही बेसिक इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटरवाल्यालाही ग्राफिक्स आणि वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब घासणं. पण ब्रँच त्याच्या आधीच, प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये ठरलेली असते आणि ती बहुतेक वेळा कटऑफने ठरवलेली असते. त्यामुळे पहिलं वर्ष म्हणजे मुलांच्या दृष्टीने एकदाचं काढून टाकायचं काम. तिकडे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला विद्यार्थ्याने काँक्रीटची बीमही सोडवलेली असते, ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायरही आणि बॉयलरचं गणितही. सतराव्या वर्षी न पाहिलेल्या गोष्टीवर शिक्का मारण्यापेक्षा एकोणिसाव्या वर्षी पाहिलेल्या गोष्टींतून एक निवडणं मला तरी जास्त शहाणपणाचं वाटतं.

अमेरिकेत हार्वे मड कॉलेज पूर्वीपासून नुसत्या 'इंजिनिअरिंग'ची पदवी देतं. भारतात आयआयटी मंडीने जनरल इंजिनिअरिंग नावाचा बीटेक सुरू केला आहे, आयआयटी मुंबईतही शाखांच्या भिंती ओलांडणारा चार वर्षांचा बीएस आहे. म्हणजे कल्पना काही अगदीच परकी राहिलेली नाही.

आता अशा शिक्षणाचा प्रत्यक्ष कामात उपयोग काय, ते एका उदाहरणाने सांगतो. प्रवासी गाडीचं सरकतं दार विजेच्या मोटरवर चालतं. दार बंद होताना मध्ये कुणाचा हात किंवा बॅग आली तर मोटरवर भार येतो, करंट वाढतो, कंट्रोलरला ते कळतं आणि तो दार पुन्हा उघडतो. सगळी दारं बंद झाल्याचा सिग्नल आल्याशिवाय गाडी हलूच शकत नाही. एका हिवाळ्यात काही गाड्यांची दारं पहाटेच्या फेरीला बंद होता होता उघडायला लागली. मध्ये काहीही नसताना. गाडी स्टेशनात अडकली की मागच्याही अडकतात, त्यामुळे रोज सकाळी फोनाफोनी. मेकॅनिकलवाले म्हणाले, सॉफ्टवेअरची मर्यादा फार कडक ठेवली आहे. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, दाराच्या रुळात ग्रीस घट्ट झालं असेल, साफ करा. इलेक्ट्रिकलवाल्यांनी मोटर बदलून पाहिली. तीन बैठका झाल्या, तीन इतिवृत्तं निघाली, दारं आपली उघडतच राहिली.

टीममध्ये वर्षभरापूर्वी लागलेली एक मुलगी होती, अशाच जनरल कोर्समधून आलेली. तिने कंट्रोलरमधल्या करंटच्या नोंदी काढल्या आणि त्या दाराच्या प्रवासासमोर मांडल्या. करंट सुरुवातीपासून वाढलेला असता तर ग्रीसवर संशय घेता आला असता. तो वाढत होता शेवटच्या थोड्या अंतरात, जिथे दोन्ही पाखांच्या कडांचे रबर एकमेकांवर दाबले जातात. मग तिने यार्डातलं रात्रीचं तापमान शेजारी ठेवलं. जितकी थंडी जास्त, तितका तो शेवटचा उंचवटा मोठा. रबर गारठून कडक होत होतं आणि कंट्रोलर त्यालाच माणसाचा हात समजत होता. यावर सोपा उपाय म्हणजे करंटची मर्यादा वाढवणं, पण ती वाढवली की खरा हात सापडला तरी दार दाबत राहणार. ते सुरक्षेच्या नियमात बसत नाही, हेही तीच म्हणाली. शेवटी रबराचा दर्जा बदलला आणि दाब किती असावा ते नव्याने ठरवलं.

यात पीएचडी लागावी असं काहीच नव्हतं. मटेरियल्सचा एक धडा, मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि करंट यांचं नातं, कंट्रोलचं जुजबी ज्ञान. पण हे तिन्ही एकाच डोक्यात असल्यामुळे तिला कुणाच्या बैठकीची वाट पाहावी लागली नाही. आजची बहुतेक यंत्रं अशीच आहेत. इलेक्ट्रिक स्कूटर घ्या, डायलिसिस मशीन घ्या, पवनचक्की घ्या. बिघाड कुठल्या खात्यात मोडतो हे विचारून तो होत नाही.

म्हणून या पदवीधरांना सर्वांत सहज सामावून घेणारं क्षेत्र म्हणजे सिस्टीम्स इंजिनिअरिंग. रेल्वे, विमानं, गाड्या, वैद्यकीय उपकरणं, सगळीकडे असे लोक लागतात. काम काय, तर गरजा नेमक्या शब्दांत लिहिणं, त्या वेगवेगळ्या टीम्सना वाटून देणं, जिथे दोन भाग जुळतात तिथे भांडण होणार हे आधीच ओळखणं आणि शेवटी सगळं तपासून घेणं. गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेसाठी आयएसओ २६२६२ आणि वैद्यकीय उपकरणांच्या जोखमीसाठी आयएसओ १४९७१ ही मानकं आल्यापासून या कामाला कागदोपत्रीही वजन आलं आहे. त्याखालोखाल मेकॅट्रॉनिक्स (यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्सचा मेळ) आणि कंट्रोल, बॅटरी व पवनऊर्जा, इमारतींच्या यंत्रणा सांभाळणाऱ्या सल्लागार कंपन्या, आणि तांत्रिक विक्री. तांत्रिक विक्रीला आपल्याकडे उगीच नाक मुरडतात. चांगला ॲप्लिकेशन इंजिनिअर ग्राहकाच्या कारखान्यात जाऊन जेवढं शिकतो तेवढं ऑफिसातला डिझायनर दहा वर्षांत शिकत नाही. पेटंटचं क्षेत्र अनेकांच्या लक्षातच येत नाही. भारतात पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची मान्य पदवी लागते, शाखेची अट नाही, आणि रोज वेगळ्या विषयातला शोध वाचायचा म्हणजे चौफेर पाया असलेल्याचं तिथे फावतं. केंब्रिज-ऑक्सफर्डची बरीच मुलं बँकांत आणि मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये जातात, तेही खरं. त्याचं श्रेय जनरल अभ्यासक्रमाला किती आणि विद्यापीठाच्या नावाला किती, हे तुम्हीच ठरवा.

मुलाखतीला मी कधी कधी मिक्सरचा तुटका कपलर टेबलावर ठेवतो. भांड्याच्या बुडाशी असतो तो, दाते गेलेला. विचारतो, हा का तुटला? शुद्ध मेकॅनिकलचा मुलगा बहुधा ताण, दात्याचा कोपरा, प्लास्टिकचा दर्जा इथून सुरू करतो. जनरलवाला विचारतो, भांड्यात काय होतं? सुकं खोबरं अडकलं असेल तर पातं जागच्या जागी थांबतं, आणि मिक्सरची युनिव्हर्सल मोटर अशी की वेग पडला की तिचा टॉर्क वाढतो. खालचं लाल बटण उडायला वेळ लागतो, तोवर कुठेतरी काहीतरी तुटायलाच हवं. मग स्वस्तातला कपलर तुटू दिलेला बरा, मोटर वाचते. इथपर्यंत पोचलेल्या उमेदवारावर मी खूश असतो.

मग पुढचा प्रश्न. बरं, तो नेमक्या किती टॉर्कला तुटावा हे कसं ठरवशील? कागद घे, गणित मांड. आणि इथे काही जण गडबडतात. त्यांची मार्कशीट पाहिली की कारण कळतं. तिसऱ्या वर्षातही त्यांनी एक मॉड्यूल पुलांचं, एक सेमीकंडक्टरचं, एक व्यवस्थापनाचं, एक पर्यावरणाचं असं वेचलेलं असतं. कशातच दुसरी पायरी नाही. नातेवाईकांच्या चिंध्या त्या ह्या. तुमच्या मुलीने या कोर्सला जायचं ठरवलं तर माझी एकच अट: तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात निदान निम्म्याहून अधिक मॉड्यूल्स एकाच दिशेची हवीत, आणि शेवटचा प्रोजेक्टही त्याच दिशेचा. ती दिशा कंट्रोल असो, स्ट्रक्चर्स असो की ऊर्जा. सीव्हीवर मग 'जनरल इंजिनिअरिंग' एवढंच लिहून थांबायचं नाही. त्याच ओळीत 'कंट्रोल आणि इलेक्ट्रॉनिक्स' असं आलं पाहिजे.

आता जिथे अडतं ती ठिकाणं. भारतात परत येऊन सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातली नोकरी हवी असेल तर हा रस्ता सोडा. तिथे जाहिरातीतच शाखेचं नाव छापलेलं असतं. सार्वजनिक बांधकाम किंवा जलसंपदाच्या पदांना सिव्हिल, गेट या परीक्षेच्या मार्कांवरून भरती करणाऱ्या कंपन्यांना विशिष्ट शाखा आणि त्याच शाखेचा गेटचा पेपर. यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा तर चारच विषयांत होते: सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकम्युनिकेशन. अर्ज तपासणारा कारकून मॉड्यूल्सची यादी वाचत बसत नाही; पदवीच्या नावात शब्द आहे की नाही, एवढंच पाहतो. त्याचा दोषही नाही, त्याला तेवढाच अधिकार दिलेला असतो. कॉलेजात शिकवायचं असेल तरी संबंधित शाखेची पदवी विचारली जाते. एमटेकसाठी गेटमध्ये 'इंजिनिअरिंग सायन्सेस' हा पेपर आहे खरा. त्यात गणित सक्तीचं आणि फ्लुइड मेकॅनिक्स, सॉलिड मेकॅनिक्स, थर्मो अशांतले दोन विभाग निवडायचे असतात. अशा मुलीला तो सोयीचा, पण कुठल्या एमटेकला तो पेपर धरतात हे संस्थेगणिक पाहावं लागतं.

परदेशी पदवी असल्यामुळे समकक्षतेचा प्रश्न वेगळाच. हे काम पूर्वी भारतीय विद्यापीठ संघ पाहायचा. २०२५ मध्ये यूजीसीने त्यासाठी स्वतःचे नियम काढले आहेत. ते मूळ नियम एकदा वाचून काढा, एजंटच्या तोंडी हवाल्यावर जाऊ नका. इंग्लंडमध्ये तीन वर्षांची बीइंजीही असते. खर्च वाचतो म्हणून ती घेण्याचा मोह होईल. मी चार वर्षांच्या एमइंजीचाच आग्रह धरेन. एक तर आपली बीई चार वर्षांची, आणि दुसरं म्हणजे तिकडे चार्टर्ड इंजिनिअर (व्यावसायिक संस्थेने मान्यता दिलेला इंजिनिअर) व्हायचं तर मान्यताप्राप्त एमइंजी शैक्षणिक अट एका दमात पूर्ण करते, बीइंजीवाल्याला वर आणखी शिक्षण दाखवावं लागतं. ही मान्यता मात्र स्ट्रीमप्रमाणे पाहायची. स्ट्रक्चर्सकडे जाणाऱ्याला सिव्हिलच्या संस्थेची मान्यता हवी, मेकॅनिकलवाल्याला मेकॅनिकलच्या. भारत २०१४ पासून इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य आहे, ब्रिटन तर पहिल्यापासून, त्यामुळे मान्यताप्राप्त पदव्यांना एकमेकांकडे काही किंमत मिळते. पण या करारामुळे पीडब्ल्यूडीची जाहिरात बदलत नाही.

खासगी क्षेत्रात चित्र बरंच मोकळं आहे. पुण्यात खराडी, मगरपट्टा, हिंजवडी भागात परदेशी कंपन्यांची इंजिनिअरिंग सेंटर्स आहेत, बंगळुरात त्याहून जास्त. तिथे दोन टीम्सच्या मधलं काम समजणारी माणसं हवीच असतात. अडचण फक्त दारात येते. ऑनलाइन अर्जात 'ब्रँच' निवडायची पट्टी खाली ओढली की मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर आणि शेवटी 'इतर'. 'इतर' निवडलेला अर्ज कधी कधी माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. म्हणून अशा मुलांनी अर्जाच्या भरवशावर न राहता ओळखीतून, इंटर्नशिपमधून, प्रोजेक्टच्या गाईडकडून आत शिरावं. एकदा एखाद्या इंजिनिअरसमोर बसायला मिळालं की पदवीचं नाव पाच मिनिटांत विसरलं जातं. दुसऱ्या नोकरीच्या वेळी तर कुणी विचारतही नाही.

तिकडेच राहायचं म्हणत असाल तर हिशेब वेगळा. शिक्षणानंतर राहून काम करण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा आतापर्यंत पदवी आणि मास्टर्सवाल्यांना दोन वर्षं मिळायचा. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो अठरा महिन्यांचाच आहे. तुमची मुलगी त्यानंतरच पदवीधर होणार, तेव्हा तिच्या वाट्याला दीड वर्षच धरा. त्यापुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी कंपनीने प्रायोजक व्हावं लागतं आणि पगाराची किमान पातळी जुलै २०२५ मध्ये वर्षाला ४१,७०० पौंड केली आहे. नवख्यांना सवलतीत ३३,४००, पण त्या पेशासाठी ठरवलेला दर जास्त असला तर तो लागू. शिवाय संरक्षण आणि अणुऊर्जेतल्या पुष्कळ नोकऱ्यांना सुरक्षा मंजुरी लागते आणि तिच्यासाठी साधारण पाच वर्षांचं ब्रिटनमधलं वास्तव्य पाहतात, काही ठिकाणी तर नागरिकत्वच. जनरल कोर्सच्या ब्रिटिश मुलांना सहज मिळणाऱ्या काही नोकऱ्या आपल्या मुलांना म्हणूनच मिळत नाहीत. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'आमचे विद्यार्थी कुठे कुठे आहेत' या यादीत हा फरक दाखवलेला नसतो.

फीचंही बोलायला हवं. नावाजलेल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याला इंजिनिअरिंगची फी वर्षाला तीस हजार पौंडांच्या आसपास किंवा वरच असते. चार वर्षांचे सव्वा कोटी रुपयांच्या वर नुसते फीचे, राहणं-खाणं वेगळं. यासाठी घर गहाण ठेवायची वेळ येत असेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे: नको. पहिल्या नोकरीच्या पगारात एवढं कर्ज फेडायचं म्हणजे ती मिळेल ती नोकरी धरणार, आणि मग चौफेर शिक्षणाने दिलेलं निवडीचं स्वातंत्र्य गेलंच.

पुण्यात मेकॅनिकल घेऊनही हे सगळं बऱ्याच अंशी साधता येतं, हे मुद्दाम सांगतो. नव्या रचनेत बहुविद्याशाखीय मायनर आला आहे. त्यात नुसते सोपे क्रेडिट गोळा न करता इलेक्ट्रॉनिक्स किंवा कंट्रोल घ्यायचं. आणि कॉलेजच्या बाहा किंवा फॉर्म्युलाच्या, म्हणजे स्वतः गाडी बांधून स्पर्धेत उतरवणाऱ्या टीममध्ये शिरायचं. त्या गाडीत वायरिंग जळालं की 'मी मेकॅनिकलची' म्हणून चालत नाही. विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये पुण्यातून सिव्हिलची परीक्षा पहिल्या क्रमांकाने पास झाले, आणि पुढे खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेले त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे म्हणजे निव्वळ यंत्रविद्या. शाखेची भिंत ओलांडायला शाखेची पदवी आड येत नाही, ओलांडायची खाज लागते.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मात्र कुठेच नव्हती: मुलीला स्वतःला काय आवडतं. गाड्यांचंच वेड असेल तर मेकॅनिकल, विचारायलाच नको. सरकारी सेवेत जायचं असेल तरी पुणेच. तिला खरंच अजून ठरवता येत नसेल, गणिताची भीती नसेल आणि पैसा कर्जाच्या डोंगराशिवाय उभा राहत असेल, तर ऑफर घ्या. घेण्याआधी विद्यापीठाला ईमेलने चार गोष्टी विचारा. तिसऱ्या वर्षाच्या मॉड्यूल्सची पूर्ण यादी आणि कशाला काय आधी लागतं. स्ट्रीम निवडताना जागांची मर्यादा आहे का, म्हणजे मागितलेली दिशा मिळेलच की नाही. पदवी प्रमाणपत्रावर स्ट्रीमचं नाव छापतात की फक्त ट्रान्सक्रिप्टवर. आणि मधलं वर्षभर उद्योगात काम करायची सोय परदेशी विद्यार्थ्यांना आहे का, असल्यास मागच्या तुकडीत अशा किती जणांना ते प्रत्यक्षात मिळालं. हा ईमेल तुम्ही लिहू नका, तिला लिहू द्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गोलमाल आलं तर दुसऱ्यांदा विचारायला सांगा.